महालक्ष्म्यांच्या पाण्याचा ड्रम

दिवसा चावला हो, तिथंच मी ओळखलं. भर दुपारी ओसरीत भाजी निवडत बसलेली मी, आणि घोट्याला, गुणगुण नाही, काही नाही, गपचूप. बघते तर पायांवर पांढरे पट्टे... डासाच्या, माझ्या नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? तुम्हीच कशाला, अख्खं वलगाव म्हणतं, डास म्हणजे डास. पण तुम्हाला सांगते, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलीय, अमरावतीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डासांचेच पाय बघितलेत, आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा, दिवसा चावणारा, हा डेंग्यूचा, आणि हा गटारात होत नाही, घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे मला चावलेली ती, मादीच चावते ना, ती आमच्याच घरची लेक होती... थांबा, रिंग जातेय.

नाही उचलला.

गोवर्धनकाकांना लावतेय. राहते मी त्यांच्याकडेच. आत काकू, शकुनकाकू, बाजेवर बसलीय, दारात धर्मपालभाऊ तिला दवाखान्यात न्यायला ऑटो सुरू ठेवून उभे आहेत, आणि काकू म्हणते, "तुह्या काकानं म्हटल्याबिगर मी उंबरा नाई ओलांडत." एवढ्या एका 'जा'साठी अडलंय सगळं. धर्मपालभाऊंच्या फोनवरून लावलं असतं, तर त्यांचं रिचार्ज संपलेलं.

तर, त्या दुपारी मी घर पालथं घातलं. कूलरची टाकी कोरडी, कुंड्या कोरड्या. आणि मग देवघराशेजारचा तो निळा ड्रम. आमच्याकडे नळाचा काही नेम नाही, म्हणून काकूनं महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, स्वयंपाकाचं पाणी सण यायच्या कितीतरी आधी सोवळ्यात भरून ठेवलेलं. त्याला शिवायचं नाही. झाकण म्हणून जुन्या पातळाचा फडका, तोही एकीकडून घसरलेला. मी मोबाईलचा टॉर्च मारला. आत नुसती वळवळ. मी किंचाळले. आता मी झुरळ उडालं तरी किंचाळते, त्यामुळे कोणी धावून आलं नाही, हे ओघानंच आलं.

काकू आली सावकाश. डोकावली. म्हणते कशी, "जीव हायेत व त्याच्यात. पानी चांगलं हाये म्हनून तं जीव हायेत. गटाराच्या पान्यात राह्यले असते काय?" बघा, निरीक्षण अगदी बरोबर. आमच्या सरांनी पूर्ण मार्क दिले असते. फक्त निष्कर्ष तेवढा उलटा.

मग मी काकांना फोन केला. शेतात होते तिथं केला, बाजारात केला, पारावर बसले होते तिथंही केला. काका, ते पाणी फेका. काका, नुसतं फेकू नका, ड्रम आतून घासा, अंडी काठाला चिकटून असतात. काका म्हणाले, "कोनता डास कवा चावते हे पाहाले कालेजात गेली होती काय व? डास म्हंजे डास असते. महालक्ष्म्या उठल्या का फेकू." तेव्हापासून माझं नाव दिसलं की फोन पालथा. चुलतभाऊ विपुल अकोल्याहून सांगतो, "ताई, तू डासायवर बोलून राहिली का मले झोपच येते." मी पाण्याला हात लावते म्हटलं तर काकूच्या डोळ्यांत पाणी. सणाच्या पाण्यावर भांडणारी पोर कोणाला व्हायचंय? पंगत उठली, सगळे जेवले. डासही.

आणि काकू तापली. पेटलीच म्हणा ना. डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेलं. रक्त तपासू म्हटलं तर, "मले काय झालं, सनाचा थकवा हाये." आज सकाळी ताप उतरला. घरात आनंद, शेजारच्या दुर्गाबाईंनी तर साखर ठेवली देवापुढे. आणि मी रडत धर्मपालभाऊंना ऑटो काढायला लावला. कारण तुम्हाला सांगते, या तापात उतरल्यावरच खरी भीती असते, रक्तातलं पाणी नसांमधून झिरपायला लागतं. हे कोणाला सांगू? ताप चढला तेव्हा घाबरली नाही आणि उतरल्यावर रडते, म्हणजे पोर वेडी. काकूचे हात गार पडलेत. "ताप गेला, गार नाई पडनार तं काय." पोट दुखतंय. "उपाशी हाये ना." चूळ भरली तर चूळ लाल. "जांभूळ खाल्लं असन." जांभळं कधीच संपली, काकू.

आणि काका कुठे आहेत माहितीय? अमरावतीला. गावात ताप वाढला म्हणून धुराची मशीन आणायला गेलेत. ती येणार संध्याकाळी आणि धूर सोडणार गटारावर. दिवसा चावणाऱ्या, देवघराजवळ राहणाऱ्या बाईसाठी. डास म्हणजे डास.

ऑटो बंद केला वाटतं धर्मपालभाऊंनी. काकू आडवी झालीय. काकू, झोपू नकोस गं, बोल माझ्याशी... रिंग जातेय. जातेय... उचला ना, काका. एवढं म्हणा, जा...

उचलला.

"हो व माय, फेकलं सकाळीच ड्रमचं पानी. घासला बी. आनखी काय?"

आणखी काय... तुम्हाला सांगते, एवढ्या दिवसांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं.