आहे असं धरून

पुतणी: मग त्या पत्राला उत्तर दिलंत की नाही, काका?

काका: नाही. आठ महिने झाले. आठच ना? थांब, तारीख बघतो.

पुतणी: तारीख राहू द्या. ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल स्वतः लिहितात की ग्रंथसूचीचा लॅपटॉप सुरू होत नाही, उपाय सांगा. आणि तुम्ही पत्र शब्दकोशात दडवून ठेवता?

काका: दडवलं नाही. खूण म्हणून घातलं होतं. 'सूड' या शब्दापाशी. हसू नकोस, योगायोग होता. बहुतेक.

पुतणी: आणि आता तुमचाही लॅपटॉप बिघडला.

काका: मी बिघडवला. दोन्ही जुळे आहेत, एकाच दिवशी घेतलेले. निवृत्त झालो तेव्हा हा मला दिला, तो तिकडे राहिला. तिकडे कुणीतरी यंत्र चालवणारी प्रणाली बदलली, नवं लिनक्स टाकलं आणि तो उठेना. म्हणून मीही यावर तेच टाकलं. खात्री करून घ्यायची होती.

पुतणी: कसली?

काका: तिकडचा खरंच मेलाय याची. सूची आतच अडकली आणि त्या ग्रंथपालाला नवी आवृत्ती काढता येणार नाही, याची.

पुतणी: काका, तुम्ही मुंगीसुद्धा मारत नाही.

काका: मुंगीने माझी सूची चोरली नव्हती. चाळीस हजार कार्डं, अकरा वर्षं. छापली तेव्हा मुखपृष्ठावर नाव एकच, त्याचं.

पुतणी: ऐकलंय. आई सांगते. बघू, सरका जरा. काय सुरू करायचं त्याची यादी आली… आता काळा पडदा, दोन ओळी आणि ठप्प. रोज असंच?

काका: रोज. सकाळी चहा घेताना बघतो. बरं वाटतं.

पुतणी: हे नवं लिनक्स उठताना प्रोसेसरला विचारतं, पीएई नावाची सोय तुझ्याकडे आहे का? हा म्हणतो, नाही. की संपलं, तिथेच थांबतं.

काका: म्हणजे मेलाच. दुकानदारही त्याला तेच म्हणाला. प्रोसेसर नालायक, भंगारात द्या. पत्रात लिहिलंय.

पुतणी: दुकानदाराला काय कळतंय! सोय आहे. या जातीच्या जुन्या प्रोसेसरांत असते. विचारलं की कबूल करत नाहीत, एवढंच.

काका: काय म्हणालीस?

पुतणी: अंगात आहे, तोंडाने सांगत नाही. मग आपण सुरू करायच्या आज्ञेच्या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडायचा, फोर्सपीएई. म्हणजे त्याला विचारत बसू नकोस, आहे असं धरून चाल. हे बघा. उठला.

काका: एवढंच?

पुतणी: एवढंच. चेहरा का पडला तुमचा?

काका: मलाही विचारलं होतं. सूची छापायला जायच्या आधी, विश्वस्तांच्या बैठकीत. 'हे काम तुमचंच का?' तो समोर बसला होता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, 'नाही, सगळ्यांचंच आहे.'

पुतणी: म्हणजे तुम्हीच नाकारलंत!

काका: माझीच चूक, असंही वाटतं कधी कधी. पण त्याला ठाऊक होतं ना! तो चकार शब्दही बोलला नाही.

पुतणी: मग आता? उत्तर देणार?

काका: मायन्यात नाव घालायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने. 'माजी सहायक यांस.' सत्तावीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो गं. …हा शब्द एकदा घातला की कायमचा राहतो का?

पुतणी: छे. आत्ता हाताने घातलाय, या खेपेपुरता. कायमचा करायला एका फायलीत लिहावा लागतो. दोन मिनिटांचं काम, करते.

काका: थांब. करू नकोस. कुठली फाइल तेही सांगू नकोस.

पुतणी: का?

काका: माहीत असून लपवणं मला जमत नाही. मुळात माहीतच नसलेलं बरं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी.)

पुतणी: एवढंसं पाकीट? लिहिलंय काय?

काका: यादी आली की 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणारी ओळ गाठा, शेवटी हा शब्द जोडा, मग कंट्रोल आणि एक्स. असं दर वेळी. खाली सही. माझं पूर्ण नाव, आडनावासकट. त्याखाली 'सूचिकार'.

पुतणी: म्हणजे रोज मशीन सुरू करताना त्यांनी हे समोर धरायचं.

काका: त्याला शब्द पाठ होत नाहीत. पडद्याशेजारी चिकटवूनच ठेवावं लागेल.

पुतणी: आणि नव्या आवृत्तीवर परत त्यांचंच नाव आलं तर?

काका: येऊ दे. मुखपृष्ठ वाचक बघतात. हे त्याने बघायचंय.

पुतणी: तुम्ही दिसता तसे नाही हं, काका.

काका: नसेन. नक्की सांगता येत नाही.

पुतणी: पण रोज हाताळून चार महिन्यांत फाटेल तो कागद.

काका: कागद नाही, सूचीचं कोरं कार्ड आहे. पन्नास वर्षं टिकतं. ते झाकण धर जरा वर. हं. पडलं.