शिवला तो कावळाच

कावळाच हाय त्यो. मिटा ते पुस्तक — चित्रं दावून मला काय शिकवता? सत्तरी सरली माजी ह्या घाटघरात, कावळा वळखायला पुण्याचा माणूस लागतो व्हय? बसा, दगड कोरडा हाय. पर ती दुर्बीण खाली ठेवा. चार दिस झालं, त्या ठोंबावर बसलाय — धरणात बुडालेलं जुनं झाड हाय ते, पाणी उतरलं की वर येतं — तिथनं माज्याकडंच बघतोय. तुमाला दुर्बिणीतनं त्याचं डोळं न्हाई दिसलं?

न्हाई, वरडत न्हाई, तेवढं खरं. डोसक्यावर राख फासल्यागत पांढरं हाय, ते बी खरं. मग? म्हातारा आसंल. मी न्हाई पांढरा झालो? पायाला बदकावाणी कातडं हाय म्हणता — आसू द्या की. दर्याचा पक्षी म्हणं. दर्या कुठं, आमी कुठं, मधी आख्खा घाट हाय. वाऱ्यानं आणला? वारं व्हतं, तीन दिस घरावरचं पत्रं धरून बसलो व्हतो, टीव्हीवर बी वादळाचं सांगत व्हते. पर वाऱ्यानं नेमका माज्या भावाच्या दहाव्यालाच कसा आणला, आं?

सावळेराम. धाकला माजा. ह्याच पाण्यात गेला. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तसा मोटारीचा पाइप पुढं सरकवावा लागतो — एकानं कमरंला दोर बांधून उतरायचं, दुसऱ्यानं काठावर दोर धरायचा. पंधरा वर्सं आमी दोघं तसंच करत आलो. त्या दिशी एकलाच उतरला. गाळात पाय रुतलं.

दहाव्याला हितंच पिंड ठेवला. भात, वर दही, आन त्याला लई आवडायची म्हणून शेजारी ताजी मासळी. कावळा शिवंना. त्या आंब्यावर पंधरा-वीस बसलेलं, पर एक खाली उतरंना. मेलेल्याचं कुणाकडं काय ऱ्हायलं आसलं की शिवत न्हाई — मग त्यानं हात जोडून मोठ्यानं बोलायचं, बाबा, तुजं पुरं करतो. बोललं की येतो. गेणभाऊ आमच्या भावकीतला थोरला. समद्यांच्या देखत मला म्हणला, "भगवंता, खालचं वावर सरूच्या नावावर करतो म्हण." सरू म्हंजी सावळेरामाची बायकू. का म्हणू? आज्यानं दगड फोडून केलेलं वावर, उद्या तिनं माह्यारी दिलं तर? दात आवळून हुबा ऱ्हायलो. एक तास झाला, दोन झालं. ती बी हुबी, डोईवरचा पदर दातात धरून — रडत न्हाई, काय न्हाई, नुसती माज्या तोंडाकडं बघती. आन तेवढ्यात ह्यो आला — आला कसला, आभाळातनं पडला — आन मासळी घेऊन गेला.

भाताला? शिवला की. पंखाचं टोक लागलं, मी बघितलं. दुसऱ्या कुणी बघितलं न्हाई त्याला मी काय करू? मीच म्हणलं, शिवला, चला आंघोळीला, आन पयला पाण्यात उतरलो. मागनं बाकीचं उतरलं. दोन तास उनात हुबं राहून मानसं बी कंटाळली व्हती. ती तेवढी न्हाई उतरली.

आन आता तुमी सांगणार कावळा न्हाई. म्हंजी भाऊ माजा सुटला न्हाई. म्हंजी अजून हितंच हाय, माजं बोलणं ऐकायला थांबलाय — आसंच ना? तुमच्या पुस्तकात न्हाई लिवलेलं ते.

वावरावरनंच वाजलं व्हतं त्या सकाळी. म्हणून दोर धरला न्हाई मी. कुठं व्हतो म्हंजी? हितंच व्हतो, ह्याच दगडावर, तंबाखू मळत. दादा म्हणून हाक मारली त्यानं. म्हणलं, मार, वाटणी मागतोस न्हवं, वड आता एकल्यानं पाइप. दुसरी हाक बारीक व्हती. तिसरी — तिसरी न्हाईच. हे कशाला लिवता? खोडा. वहीत कावळा लिवा, बाकी काय बी नको.

काय? तिला दावलं? सरूला? कवा — वरनं पक्षी बघून हिकडं येताना? तिच्या दारात पाणी प्याला आन चित्र दावून आला. मग काय म्हणली? काय तरी म्हणली आसंल की. दोनदा इचारलं — नक्की कावळा न्हाई ना म्हणून. आन तुमी नक्की म्हणला. मग? रडली?

भात टाकला चुलीवर. आत्ता, दुपारच्याला. आन पोरीला गेणभाऊकडं धाडलं.

म्हंजी पुन्यांदा पिंड ठेवणार ती, हितंच.

उठा. वरच्या वाटंनं नको, तिकडनं येतील समदी. बांधाबांधानं जावा, पुढं रस्त्याला जीप घावंल. न्हाई, मी न्हाई येत. मी कुठं जाऊ? जावा म्हणलं ना.