कार्डावर जागा उरली नाई

बसा ना बाई, उभ्या काऊन राह्यल्या — तो पाटा ठेवा तिकडं, मशीनच्या बाजूले, कोनी नाई नेत. ब्रह्मपुरीपासून बसमंधी दगडाचा पाटा मांडीवर घेऊन आल्या तुमी, कमाल आहे. पानी प्या. होय, पत्ता बरोबर आहे — सादिक टेलर, चंद्रपूर, तो मीच. पत्रूभाऊ इथीच राह्यते... म्हंजे त्याचे कार्ड इथी येते. तुमचे कार्ड मीच वाचून दाखोले त्याले, अन् त्याचे बी मीच लिव्हले. वरोऱ्याले मराठी शाळेत सातवीपर्यंत होतो ना मी. खोली? दाखोतो, घाई काय आहे. चहा येऊन राह्यला.

आता तुमाले काय सांगू. या चौकात सकाळी मजुराचा ठिय्या भरते — गवंडी, चुना मारनारे, माती उचलनारे — ठेकेदार येते, बोट दाखोते, पाच-सात जन घेऊन जाते. संध्याकाळी हेच लोक जिथी जागा दिसली तिथी अंग टाकते. खोली कोनाचीच नाई, बाई. तुमचा मालक, पत्रूभाऊ, माझ्या ओट्यावर निजते. हाच ओटा, जिथी तुमी चप्पल काढली. पावसात मी ताडपत्री देतो त्याले — आत नाई घेतलं कधी. गिऱ्हाइकाचं कापड असते ना, भिजलेला मानूस कसा घेऊ. नाई, खोटं काऊन बोलू, घेता आलं असतं, जागा होती.

तुमी कार्डात पुसलं होतं, कुठी निजता म्हनून. तो हाताचा चुना खरवडत बसला. मंग मीच लिव्हलं, खोली केली. वाचून दाखोलं त हसला. म्हने, सादिकभाऊ, अजून एकदा वाच. मंग मी बी दर कार्डात काही ना काही जोडत गेलो — पंखा लावला, नळ आला — मजा वाटे मले. अन् तो दिवसभर चुना मारून आलेला मानूस, डोळे मिटून आयके.

शेवटचं कार्ड, दिवाळीनंतरचं — तुमच्या पिशवीत आहे तेच. तो म्हने, बुधरी यायचं म्हनते, तिले लिव्ह, येऊ नको, घर सोडू नको. मी खिडकीपासून सुरू केलं. खिडकीले पडदा शिवला, निळा, फुलाचा, खाली झालर — टेलर आहो ना, कापडाचं लिव्हाले बसलो त हात थांबत नाई — झालर लिव्हता लिव्हता कार्डच भरलं. येऊ नको लिव्हाले जागा नाई उरली. दुसरं कार्ड घ्याले पाह्यजे होतं. नाई घेतलं. त्यानं पुसलं, लिव्हलं का? मी म्हनलो, लिव्हलं.

अन् तुमी घर देराच्या हवाली करून आल्या. आता देर पुन्हा घरात पाय ठेवू देईन का... रडू नका. नाई, तुमी त रडत बी नाई. काय? पडदा? पडदा कुठी आहे म्हनता? बाई, पडदा नाई.

पत्रूभाऊले आज काम नाई लागलं. लगेच मांगं पाहू नका — समोर रसवंती आहे ना, तिच्या खांबाआड उभा आहे तो, तुमी ओट्यावर चढल्या तवापासून. येतच होता इकडं. मीच हातानं इशारा केला, येऊ नको म्हनून. त्याले वाटून राह्यलं असन, तुमी त्याचं आयकलं नाई. त्याचा काही दोष नाई, बाई, हे सारं माझंच आहे. जा, भेटा त्याले. पाटा राहू द्या — नका उचलू, जड आहे. मी आत ठेवतो, शटरच्या आत. राहू द्या ना, बाई...