मेंदीच्या दिवशीचा ताप

"ताप दडवून उरुसाला गेलीस व्हय गं? आता सारी गल्ली खोकंल!"

लहानपणी ऐकलेला नानीचा आवाज दवाखान्याच्या रांगेत सलिमाला आठवला. पुढं आक्काताई शेजारणीशी बोलत होती. आक्काताईच्याच लेकीच्या लग्नाची मेंदी सलिमानं गेल्या आठवड्यात काढली होती.

"सगळ्या घराला ताप, खोकला, अंगदुखी. सासूबाईंना तर ऑक्सिजन लावलाय."

"आणलं कुणी म्हनं?"

"पुण्याच्या प्रसेनजीतनं, दुसरं कोण! मांडवात शिंकला की!"

"अगं, त्यो फोडणीच्या ठसक्यानं शिंकला."

"असू दे. आता उंबऱ्यात घेणार न्हाय त्याला."

सलिमानं तोंडावरचा पदर सावरला.

"आक्काताई, त्या पावण्यांचा दोष न्हाय. ताप मला हुता, गोळी खाऊन आलतो. मेंदीचा वासबी येत नव्हता. तरी तुमच्या सासूबाईंचा हात तासभर हातात धरून बसलतो."