डावा हात खिशात

…आणि फळा बसवणारे वर म्हणतात कसे, "सर, सोपं आहे हो, फक्त बोट लावायचं!" फक्त बोट? अहो, एकतीस वर्षं ज्यानं फळ्यावर अख्खा हात टेकवून भूमिती शिकवली, त्याला सांगताय बोट लावा? तुम्हाला सांगतो, माझं काही म्हणणं नाही! नवा फळा आणा, विजेवर चालणारा आणा, भिंतीएवढा आणा… पण त्याला माझा डावा तळवा काय म्हणून डस्टर वाटावा?

म्हणजे बघा, माझी सवय अशी की उजव्या हातात खडू आणि डावा तळवा फळ्यावर टेकलेला. त्याशिवाय मला वर्तुळ येतच नाही! आणि हा फळा असा शहाणा, की बोट लागलं की लिहितो आणि तळवा लागला की पुसतो. मी इकडून वर्तुळ काढतोय, तिकडून माझाच हात ते पुसतोय! पहिल्या दिवशी अर्धा तास झाला तरी एक वर्तुळ पुरं होईना. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळी शाळा शंकाबाई म्हणते, तिनं हात वर केला, "सर, हे धड्यात आहे, की आपोआप होतंय?"

गेली बातमी मुख्याध्यापिका बाईंपर्यंत. बाईंनी बोलावलं, मान वाकडी केली, आवाज मऊ केला. आवाज मऊ झाला की आपण ओळखायचं! "सर, शनिवारी मी आणि संस्थेचे दोन सभासद तुमच्या तासाला बसू. जमलं तर उत्तमच. नाही जमलं, तर दहावीची भूमिती कॉम्प्युटरच्या मॅडम घेतील, तुम्ही ग्रंथालय बघा. तिथं कसं… शांत असतं." शांत! अहो, शांतताच हवी असती तर मी मास्तर कशाला झालो असतो? दहावीची भूमिती गेली तर उरलं काय माझ्यात? पण माझं काही म्हणणं नाही!

मग काय, सराव! आठवडाभर शाळा सुटली की दार लोटून घ्यायचं आणि रिकाम्या बाकांना वर्तुळाची स्पर्शिका शिकवायची. एकटा माणूस, बोलणार कुणाशी? स्वतःशीच! "डावा हात खिशात… खिशात म्हटलं ना, गाढवा!… गेलं, गेलं वर्तुळ, काढ परत… आता सांग, त्रिज्या स्पर्शिकेला लंब का? का?… अरे, एकतीस वर्षं शिकवतोयस आणि आज आठवेना?" मग ते स्वतःलाच तीन-तीनदा समजावायचं, अगदी साध्या भाषेत. आणि फारच कंटाळा आला की बाईंची नक्कल! मान वाकडी करून, "सर, तिथं कसं… शांत असतं!" हुबेहूब हं!

आला शनिवार. शेवटच्या बाकावर बाई, शेजारी ते दोन सभासद, गुडघे बाकात अडकलेले. बोट लावलं, वर्तुळ सुरू केलं, डावा हात आपसूक वर निघाला… आणि मागून अख्खा वर्ग एका सुरात, "डावा हात खिशात!"

मी थिजलोच! पण हात गेला खिशात, आणि वर्तुळ पुरं झालं! कसंबसं विचारलं, "त्रिज्या स्पर्शिकेला लंब का?" तर शंकाबाई ताडकन उभी. "कारण, गाढवा, स्पर्शिकेचे बाकी सगळे बिंदू वर्तुळाच्या बाहेर, म्हणून केंद्राला सगळ्यात जवळचा बिंदू हाच, आणि रेषेकडे जायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे लंब!" शब्दन् शब्द माझा! 'गाढवा'सुद्धा!

"तुला हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर! फळा सुरू केला की त्याच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर जातं. आम्ही रोज बघतो. माझी आई पण बघते."

सगळ्यांच्या? मी हळूच शेवटच्या बाकाकडे पाहिलं. बाई उठल्या. "सर, मान इतकी वाकडी नसते हो माझी." आणि हे म्हणताना मान तेवढीच वाकडी! वर्ग जो हसत सुटला म्हणता… संस्थेचे एक सभासद हसता हसता बाकात असे रुतले की आम्ही चौघांनी त्यांना ओढून काढलं.

भूमिती राहिली माझ्याकडे! इतका आनंद झाला म्हणून सांगू, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. खाली बाईंनी गाठलंच, "सर, मुलांना तुमच्या तासापेक्षा तुमच्या चुकण्यातून जास्त समजतंय. तेवढं बंद करू नका."

झालं! एकतीस वर्षं बरोबर शिकवलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता रोज शेवटचा तास, वेळापत्रकात छापलेला, 'सरांचा सराव'. बाकांवर जागा नाही, आया दाराशी उभ्या. माझं काही म्हणणं नाही… पण हल्ली हात बसलाय हो माझा! पहिल्या झटक्यात सगळं बरोबर येतं, आणि पोरं ओरडतात, "सर, असं काय करता, नीट चुका ना!" काय करणार? रोज सकाळी लवकर उठतो, आणि आज कुठं कुठं चुकायचं, त्याची घरूनच तयारी करून जातो.