चिट, शीट आणि एस्टॉप

मी मूळचा चिपळूणच्या बाजूचा, बारावी पास, त्र्याण्णव साली अल ऐनला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागलो, पगार बाराशे दिराम, म्हणजे तेव्हाचे दहा हजार रुपये धरा. मोजणीत मी कधी चुकलो नाही, पण काय सांगू तुम्हाला, ऐकण्यात चुकलो.

पुढे पंधरा वर्षांनी एका साइटवर रामोन नावाचा फोरमन होता, स्पेनचा, माझ्याच वयाचा, चाळिशीतला. एके सकाळी वॉकीटॉकी रेडिओवर म्हणाला, मिस्टर साळवी, ट्वेंटी चिट, क्विक. आता आपल्याकडे चिट म्हणजे चिठ्ठी, गेटपासची, तर मी वीस कोऱ्या चिटा मोजल्या, शिक्के मारले आणि पाठवून दिल्या. दहा मिनिटांत हा स्वतः हजर, चिटा हातात, म्हणतो हे काय, मला चिट पाहिजे, चिट, आणि दोन्ही हातांनी लांबी-रुंदी दाखवायला लागला, तेव्हा कळलं की प्लायवूडची शीट. दोघंही हसलो, पण माझ्या डोक्यात ते राहिलंच, की शीटची चिट होते कशी. विचारलं तर म्हणाला, आमच्या भाषेत श नाहीच. मग मी ऐकायलाच लागलो, यलोचा जेलो, व्हॅनची बॅन, झीरोचा सीरो, आणि जोडाक्षरात स आला की आधी ए लावणारच, एस्टोअर, एस्टील. मला तर घरचंच माणूस वाटलं, आमची आई इस्कूल म्हणायची, इस्टूल म्हणायची.

पण आमचा साइट इंजिनिअर इंग्लंडचा. त्याने रामोनला सांगितलं, क्रेनवर असलं इंग्रजी चालणार नाही, महिनाभरात सुधार, नाहीतर रेडिओ काढून घेतो आणि तुला घरी पाठवतो. रामोनच्या दोन मुली तिकडे कॉलेजात, हा एकटा कमावता. मला म्हणाला, साळवी, तू शिकव. मी म्हटलं अरे माझंच इंग्रजी चिपळूणचं, तर म्हणतो चालेल, तू ऐकतोस तरी.

मग रोज चहाच्या सुट्टीत. श साठी मी त्याला शेंगा म्हणायला लावलं, आठ दिवसांत जमलं, झ साठी माझा, तेही जमलं. पण स काही सुटा येईना. शेवटी म्हटलं, आधी कुकरच्या वाफेसारखं नुसतं स्स्स कर, मग टॉप म्हण, आणि जमलं हो, स्टॉप, अगदी स्वच्छ. मला कोण अभिमान.

महिन्याच्या शेवटी इंजिनिअर त्याचं इंग्रजी ऐकायला रामोनच्या शेजारी उभा राहिला. क्रेनवर आपला जाधव, खेडचा, काँक्रीटचा तीन टनांचा पॅनल वर, खाली दोर धरून दोन माणसं. रामोनने बटण दाबलं आणि मी शिकवलं तसं म्हणाला, स्टॉप. पॅनल थांबायचा सोडून आणखी वर गेला, दोर धरलेली माणसं ओढली गेली, तसा हा घाबरून ओरडला, एस्टॉप, एस्टॉप, आणि पॅनल जागच्या जागी थांबला.

इंजिनिअर चिडला. जाधवाला खाली बोलावलं, मी विचारलं काय रे, काय ऐकलंस, तर म्हणाला, भाऊ, आधी ऑप ऐकू आलं, मला वाटलं अप, म्हणून घेतला वर, मग स्टॉप आलं, थांबवलं. इंजिनिअरचा विश्वास बसेना. जाधवाला परत वर पाठवलं, हूक रिकामा ठेवला आणि स्वतः रेडिओ घेऊन स्टॉप म्हणाला, त्याच्या अस्सल इंग्रजीत. हूक वर गेला. पाच वेळा केलं, मी मोजलं, तीन वेळा वर गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बटण दाबल्यावर पहिला तुकडा रेडिओ खातो. रामोनचा तो जादाचा ए खाल्ला जायचा आणि स्टॉप शाबूत पोचायचा. म्हणजे चूक मी सुधारली आणि दोन माणसं मारली असती.

इंजिनिअर म्हणाला, बटण दाबून सगळ्यांनी एक आकडा मोजायचा आणि मगच बोलायचं, आणि रामोन रेडिओवर राहील, तो बोलतो तसाच बोलू दे. जाधव म्हणाला, भाऊ, तुमची शिकवणी बंद करा आता.

रामोन काम पुरं होईपर्यंत राहिला, मुलींचं शिक्षण झालं. मी अजून इथेच, त्याच कंपनीत, दुसऱ्या साइटवर. कोणी बोलण्यात चुकलं की आधी विचारतो, समोरच्याला कळलं ना, कळलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. रामोन असेल तिथे सुखात असो, तोंडभर बोलत असो.