पदरावरचा चीक

रावेर-जळगाव एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी मैत्रिणी मांडीवर साड्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या.

“नूतन, शोरूमवाले म्हणतात तर लेबलवर तुझं एकटीचं नाव राहू दे. साड्या तू डिझाइन केल्यास, मी नुसती चित्रं काढली.”

“नुसती? कामिनी, केळीच्या चिकाने काढलीस तू. काकूंनी इतकं घासलं, तुझ्या आबांच्या शर्टावरचा चिकाचा एक तरी डाग निघाला का?”

“नाही गं. पण दोन नावं दिसली तर ते लेबलच कापून टाकतील.”

“कापू दे.”

“मग?”

“काल मीही चीक घेऊन बसले होते. प्रत्येक पदरावर तुझं नाव लिहिलंय. आता धुवा म्हणावं.”